भादव्यातली उलंगवाडी

१३ नोव्हेंबर २००६, अकोला

ही वही मराठीत लिहायची ठरवली. अम्मीला फक्त उर्दू वाचता येते आणि अब्बांना फक्त गिऱ्हाइकाचा चेहरा. मराठी शाळेत शिकलो त्याचा एवढा तरी फायदा.

काम मिळालं. रोजंदारीच आहे, पण सरकारी. अमरावतीला प्राचार्यांच्या टेबलावरची घंटी खिडकीतून फेकून आलो, तेव्हापासून जठारपेठेत अब्बांच्या गादीच्या दुकानात कापूस पिंजत होतो. नाकात कापूस आणि डोक्यात तुबा.

उपअधीक्षक तायडेसाहेबांनी बोलावणं धाडलं होतं. खुशालराव बियाणेवाल्याची केस मकोकाखाली गेली हे सगळ्या अकोल्याला माहीत आहे. नकली बीटीची पाकिटं विकायची आणि जो बोलेल त्याचे हातपाय मोडायचे, हा त्याचा धंदा. कृषी खात्याचे निरीक्षक सहदेव इंगळे यांनी त्याचं गोदाम सील केलं. पोळ्यानंतर पातूरच्या घाटात एका ट्रकने इंगळेंची जीप दरीत लोटली. खुशालराव त्या दिवशी नागपूरला नातवाच्या बारशात होता. पाळण्याची दोरी धरलेला फोटोसुद्धा आहे.

त्याच्या टोळीचे फोन पोलीस आधीपासून टेप करत होते. ते ऐकून मराठीत टाइप करायचं आणि न कळणाऱ्या शब्दांपुढे अर्थ लिहायचा, हे माझं काम. सरकारी वकील आठल्ये पुण्याहून येतात. त्यांच्या लघुलेखकाला वऱ्हाडी कळेना, अर्धं बोलणं तर आमच्या उर्दूतलं.

तायडेसाहेबांनी चहा सांगितला. मोठा अधिकारी, पण आपल्यासारखाच बोलतो.

"राहतं कुठं बे तू? त्या पिकअपवाल्या दानिशच्या गल्लीत का?"

"मागच्या गल्लीत, साहेब."

"बरं बरं. सहज विचारलं."

दानिश म्हणजे तुबाचा भाऊ. खुशालरावच्या कृषी केंद्राचा पिकअप चालवायचा, केंद्र बंद झाल्यापासून घरीच आहे. तिच्या भावाचं नाव ऐकूनसुद्धा माझे कान गरम होतात.

१६ नोव्हेंबर

आज मी हिरो झालो.

एका सीडीत खुशालराव कोणाला तरी विचारतो, साहेब कुठे आहे. समोरचा म्हणतो, पातुरात, रेस्ट हाउसले. मग खुशालराव म्हणतो, "लय झालं त्याचं. उलंगवाडी करून टाकू म्हणतो." समोरचा म्हणतो, "कराच भाऊ." मग खुशालराव, "मंग तो निंगाला का सांगजो." आवाज खरखरीत, समोरचा कोण ते कळत नव्हतं.

आठल्येसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे उलंगवाडी काय आहे? गावाचं नाव?"

शिपायासकट सगळे हसले. मी सांगितलं, शेवटची वेचणी झाली, पऱ्हाटी सुकली, वावरात गुरं सोडली, की झाली उलंगवाडी. कापसाचा शेवट.

"कोणत्या महिन्यात होते?"

"माघात, फाल्गुनात."

"आणि हा फोन?"

"भादव्यातला."

ते खुर्चीतून उठलेच. "भाद्रपदात शेतात काय असतं?"

"हिरवी पऱ्हाटी, साहेब. पात्या, फुलं. कापूस कुठला?"

"मग हा माणूस कशाची उलंगवाडी करणार आहे?"

पंख्याने उडणारा कागद मी हाताने दाबला. मी म्हणालो, "माणसाची." आणि अर्थाच्या रकान्यात टाइप केलं: जीवे मारणे.

आठल्येसाहेबांनी हात मिळवला. "कॉलेज का सोडलंत हो तुम्ही?" पुण्याच्या माणसाने मला अहो म्हटलं!

त्यांनीच मग समजावलं. नुसत्या खुनाच्या खटल्यात खुशालराव सुटेल, कारण तो बारशात होता. म्हणून टोळी सिद्ध करायची. गेल्या दहा वर्षांतल्या दोन जुन्या चार्जशीट आहेत, एक नकली बियाण्याची, एक मारहाणीची. त्यावर मकोकाची मंजुरी मिळाली. आता त्याच्या तोंडचा हुकूम पाहिजे आणि तो हुकूम ऐकलेला टोळीतलाच माणूस पाहिजे. हुकूम मी आज दिला.

निघताना एक गोष्ट विचारली. "साहेब, हा फोन तर इंगळे मरायच्या आधीचा आहे. मंग तवाच कोणी ऐकला काहून नाही?"

तायडेसाहेब खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "रेकॉर्ड होणं वेगळं, पोरा. ऐकणं वेगळं."

२९ नोव्हेंबर

त्याच फोनची साफ केलेली सीडी आली. तायडेसाहेबांनी स्वतः आणून दिली, "आता ऐक बरं नीट."

"कराच भाऊ" नंतर मागून एक बारीक आवाज येतो. "भाई, रोटी ठंडी हो रही."

मी ती जागा पुन्हा लावली. पुन्हा लावली. किती वेळा ते लिहायची लाज वाटते. तुबाचा आवाज, माझ्या कानात, एवढ्या जवळून! मुलींच्या घोळक्यातून "साजिद, सरक ना" एवढंच तिच्या तोंडून कधी ऐकलेलं. डोळे मिटून मी बसून राहिलो. शिपाई म्हणाला, "भजन लावलं का बे?"

मग डोळे उघडले. ती ज्याला भाई म्हणते तो एकच आहे.

मीच लिहिलं होतं. जीवे मारणे.

१ डिसेंबर

रकान्यातला अर्थ बदलता येतो का, म्हणून विचारलं. जरा दुरुस्ती करायची होती, म्हटलं. शिपाई म्हणाला, पानं सहीशिक्क्यानं गेली. मी टेबलाला लाथ मारली. अंगठा सुजला आहे.

तायडेसाहेबांनी पाहिलं, पण रागावले नाहीत. "काहून रे, चेहरा उतरला?"

"काही नाही."

मग शिपायाशी बोलल्यासारखं बोलत बसले. "धरून आणलेल्या माणसाचा उपयोग नसते. धरला का खुशालरावचा वकील आधी पोचते, तोंड शिवून टाकते. आपल्या पायानं आला, सगळं सांगितलं, तर कोर्ट त्याले माफी देऊ शकते. माफीचा साक्षीदार. लहान मासळीशी आपल्याले काय दुश्मनी? पण बकरी ईदच्या आत आला तं ठीक, मंग माझ्या हातात राहत नाही." आणि माझ्याकडे वळून, "हे बाहेर बोलायचं नाही बरं, साजिद."

त्यांना काय माहीत, मी कोणाच्या बाजूचा आहे! मनातल्या मनात मी साहेबांच्या तोंडावर हसलो.

४ डिसेंबर

तुबाला डी.एड. कॉलेजच्या फाटकापाशी गाठलं. नेहमी मला पाहिलं की ती मैत्रिणीचा हात धरते. आज चेहरा पाहून थांबली. सगळं सांगितलं, टेप, शब्द, माफी. (आमचं बोलणं अर्थात उर्दूत.)

"माफी म्हणजे?"

"म्हणजे काही झालंच नाही असं."

"भाई घरी राहील?"

"घरी राहील." हे मी कशाच्या जोरावर म्हणालो, अल्ला जाणे. तिचे डोळे भरले होते आणि मला काहीतरी द्यायचं होतं.

"तू आमच्यासाठी एवढं केलंस, साजिद," ती म्हणाली.

आमच्यासाठी म्हणाली. घरापर्यंत हे मी बारा प्रकारे म्हणून पाहिलं. त्यात मी पण येतो, असंही होऊ शकतं.

१२ डिसेंबर

दानिश दुकानात आला. अब्बांनी आम्हाला मागे गाद्यांच्या थप्पीत बसवलं. गेल्या वर्षी याच माणसाने मला गल्लीच्या तोंडाशी कॉलर धरून विचारलं होतं, इकडे रस्ता कमी पडतो का. आज माझा हात सोडत नव्हता.

"खुदा की कसम, साजिद, मले वाटलं बदली. साहेबाची उलंगवाडी म्हणजे साहेब गेला इथून. तालुक्यात सगळे असंच बोलतात. तलाठ्याची उलंगवाडी, ठाणेदाराची उलंगवाडी."

"मंग पातूरले जाऊन साहेब निंगाल्याचा फोन काहून केला?"

तो गादीचा दोरा ओढत राहिला. "रस्त्यात गाठून दम देत असतीन, म्हटलं. ट्रकचं मले माहीत नोतं."

खरं बोलत होता का? मला वाटलं, बोलत होता. मग वाटलं, तुबाचा भाऊ आहे म्हणून मला असं वाटतं.

अब्बा गिऱ्हाइकाला ओरडून सांगत होते, "यंदा रुई महाग हाय बाप्पा, मी काय करू!"

२० डिसेंबर

दानिश आपल्या पायाने तायडेसाहेबांकडे गेला. साहेबांनी दोन चहा सांगितले. त्याला पाहून त्यांना जराही नवल वाटलं नाही. मुरलेला माणूस.

२२ डिसेंबर

घोटाळा झाला.

दानिशने सगळं सांगितलं, पाकिटं कुठे छापायची, कोण मारायला जायचं, आणि शेवटी बदलीचं. आठल्येसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"असं असेल तर यांनी काहीच गुन्हा केलेला नाही."

"तेच तर!" मी म्हणालो.

"मग माफी कशाची मागायची? माफी हवी तर गुन्हा हवा. आणि यांना अर्थ माहीत नव्हता असं हे म्हणाले, तर खुशालरावचा वकील उद्या हेच म्हणणार. बदलीबद्दल बोलत होते बिचारे." मग दानिशकडे न पाहता, "अशा परिस्थितीत मला यांना इतर आरोपींबरोबरच बसवावं लागेल. यांच्या फोनशिवाय तो ट्रक हलला नसता. कायद्याने जे आहे ते आहे. मी खोटं बोला म्हणत नाही. आठवून पाहा म्हणतो."

तायडेसाहेबांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. "तुझं ऐकते तो. समजाव."

मी समजावलं. तुबाच्या भावाला फाशी होऊ नये म्हणून समजावलं, यात चुकलं कुठे? दानिशने एवढंच विचारलं, "मले माहीत होतं असं म्हणू? साहेबाले मारतात हे माहीत असून फोन केला, असं?"

"म्हण ना बे! दोन वाक्यं तर आहेत!"

"तू म्हणून पाह्य," तो म्हणाला.

२८ डिसेंबर

दानिशला आरोपी दाखवलं, त्याशिवाय माफी मागता येत नाही. मग पोलीस अधीक्षकांपुढे कबुली, मारणार हे माहीत होतं अशी. कायद्याप्रमाणे विचार करायला वेळ दिला, कोणी जबरदस्ती केली का विचारलं. नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांपुढेही नाही म्हणाला. जबरदस्ती कोणी केलीच नव्हती, मी स्वतः तिथे होतो.

१ जानेवारी २००७

बकरी ईद. तुबाच्या घरी गेलो. तिच्या अम्मीने कलेजीची बशी पुढे केली आणि विचारलं, दानिश कधी सुटेल?

आज सांगावंच लागलं. मला कालच कळलं. माफीच्या साक्षीदाराला निकाल लागेपर्यंत तुरुंगातच ठेवतात. पळू नये म्हणून आणि मरू नये म्हणून.

तुबा दाराच्या आड उभी होती. "तू घरी राहील म्हणाला होतास."

बशी तशीच ठेवून उठलो. थेट तायडेसाहेबांच्या बंगल्यावर गेलो, फाटकातूनच ओरडलो, तुम्ही सांगितलं काहून नाही? साहेब लुंगीवर बाहेरच होते, झाडाला पाणी घालत.

"मी तुले काहीच सांगितलं नोतं, साजिद," ते शांतपणे म्हणाले. "मी तं शिपायाशी बोलून राहिलो होतो."

हे खरं आहे.

९ एप्रिल

चार्जशीट गेली. सहा महिन्यांच्या आत गेली म्हणून खुशालरावला जामीन नाही. साडेतीन हजार पानं, त्यातलं माझं एक पान. आठल्येसाहेबांनी पेढे वाटले. मी खिशात घालून तुबाकडे नेले. दार तिच्या अब्बांनी उघडलं आणि पुन्हा लावलं.

१९ फेब्रुवारी २००८, अमरावती

आज विशेष कोर्टात माझी साक्ष झाली. टेप कागदावर मी उतरवली, म्हणून.

आत बोलावण्याआधी बाकावर एक बाई शेजारी बसल्या होत्या. मांडीवर डबा, बाजूला छत्री. विनाकारण छत्री, फेब्रुवारीत. त्या इंगळेसाहेबांच्या पत्नी, वच्छलाबाई.

"शब्दाचा अर्थ सांगणारा तूच का रे पोरा?"

"हो."

"आमचे हे असते तं त्यायनं सांगितला असता. कास्तकाराचेच पोरगे होते." मग डब्याचं झाकण दाबत, "खरं असन ते सांगजो. मले कोणाले लटकवून काही भेटत नाही. पण खरं काय झालं ते तरी कळू दे."

मला त्यांच्याकडे पाहवलं नाही. खरं काय, ते मलाच कुठे माहीत? खुशालरावला माणूस मारायचाच होता, हे खरं. दानिशला कळलं नव्हतं, हेही खरं असू शकतं. एका शब्दात दोघंही आहेत. मी दोन्ही अर्थ सांगितले तर दानिशची कबुली खोटी ठरणार, माफी जाणार आणि तो आरोपींच्या पिंजऱ्यात बसणार. तुबा मागच्या रांगेत होती, काळ्या बुरख्यात. चेहरा दिसत नव्हता, पण हात ओळखले.

खुशालरावचा वकील गोड माणूस.

"साजिदमिया, तुमचे वडील हा शब्द वापरतात?"

"वापरतात."

"किती वेळा?"

"हंगामात रोज."

"आतापर्यंत किती माणसं मारली त्यांनी?"

कोर्ट हसलं. खुशालरावही हसला, पोट हलवून. त्याने एकदा वळून दानिशकडे पाहिलं.

"साहेबाची बदली झाली, तर साहेबाची उलंगवाडी झाली असं तुमच्याकडे म्हणतात की नाही? हो की नाही तेवढं सांगा."

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. वच्छलाबाई पाहत होत्या. मग तो वकील हळूच म्हणाला, "की दानिशच्या बहिणीकडे पाहून अर्थ ठरवता तुम्ही?"

माझं डोकं फिरलं. "बदली कोण करते बे, मंत्रालय का खुशालराव? अन् बदली कराले साहेब रेस्ट हाउसातून निंगाला का नाही ते कायले लागते? भादव्यात कोणाचा कापूस सरते? मारून टाक म्हणाला तो, मारून टाक!"

न्यायाधीशांनी मला झापलं, माफी मागायला लावली. पण आठल्येसाहेब पहिल्यांदाच हसताना दिसले. बाहेर येऊन खांद्यावर हात ठेवला, "हे मला तुमच्याकडून वदवून घेता आलं नसतं."

वच्छलाबाई डबा उचलून निघून गेल्या.

११ सप्टेंबर

निकाल. रमजान चालू आहे. खुशालरावला जन्मठेप, ट्रकवाल्यालाही. दानिश सुटला. आठल्येसाहेबांनी सांगितलं, निकालपत्रात माझ्या शब्दावर दीड पान आहे.

दानिश बाहेर आला तेव्हा मी फाटकापाशी होतो. सलाम केला. त्याने सलामाला जवाब दिला, आणि रिक्षात बसला.

१९ ऑक्टोबर, अकोला

तुबाने बोलावलं. स्वतःहून, पहिल्यांदाच. नवा शर्ट घातला.

त्यांच्या घरात सामानाची बोचकी. बुऱ्हाणपूरला चाललेत, मामाकडे. तिची शादीही तिकडेच ठरली, मुलगा कपड्याच्या दुकानात आहे. हे तिने पाण्याचा ग्लास देता देता सांगितलं, हवापाण्याचं बोलावं तसं.

"पण भाई तर सुटला," मी म्हणालो. "आता कशाला?"

"मशिदीत भाई उभा राहिला की बाजूची जागा रिकामी राहते. लोक म्हणतात, याला माहीत होतं. साहेबाला मारणार हे माहीत असून फोन केला. खुद्द यानेच सांगितलं ना कोर्टात." ती बोचक्याची गाठ बांधत होती. "अब्बासुद्धा त्याच्या हातचं पाणी घेत नाहीत. रात्री मला विचारतो, तुबा, मला खरंच माहीत होतं का गं? आता त्याला स्वतःलाच आठवत नाही."

"नाही म्हणाला असता तर जन्मठेप झाली असती."

"हो." तिने गाठ घट्ट ओढली. "एक विचारू? टेपवर भाई आहे हे तुला कधी कळलं?"

"तुझा आवाज ऐकला तेव्हा."

"आणि तायडेला?"

मी म्हणालो, त्यांना दानिश गेला तेव्हाच कळलं असेल. ती माझ्याकडे पाहत राहिली. लहान मुलाकडे पाहावं तसं.

"जा, साजिद," ती म्हणाली. आवाज चांगला होता. म्हणजे रागाचा नव्हता.

३ नोव्हेंबर

तायडेसाहेबांचं बोलावणं. नवीन केस आहे, रेशनच्या तांदळाची, पुन्हा मकोका. आठल्येसाहेबांनी माझंच नाव घेतलं म्हणे.

तीच खोली, तोच पंखा. टेबलावर सीडींचा गठ्ठा, हेडफोन नवीन. साहेबांनी चहा सांगितला. दोन.

अब्बा सकाळीच म्हणाले होते, दुकानात बस, गिऱ्हाईक आहे. पण दुकानात बसलं की तुबाच्या गल्लीचं तोंड दिसतं. म्हणून आलो.

चहा आला. साहेबांनी बशीत ओतला, फुंकर मारली.

"मूर्तिजापूरले तुझी बहीण दिली ना रे?"

"हो."

"तिचे दीर, जेठ, सगळे एकाच घरात राहतात का?"

"एकाच घरात."

"बरं बरं. सहज विचारलं."

मी त्यांना बहिणीबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं.

चहा संपला. मी हेडफोन उचलले नाहीत. साहेब समोर बसून वाट पाहून राहिले होते. त्यांना घाई नव्हती. त्या वेळीही नव्हती.